जेवणाच्या सुट्टीतले सायेब

सिनेमा अर्ध्यावर आला व्हता. दुपारची वेळ. टीव्हीवर आमच्या ह्यांच्या आवडीचा तोच जुना लागला व्हता... हापिसातला. मोठ्या मालकाचा पोरगा साधे कपडे घालून बापाच्याच हापिसात कारकून म्हणून बसतो, आन टायपिंग करणारी पोरगी त्याला गरीब समजून आपल्या डब्यातली पोळी देती, तो. मी खाली बसून मेथी निवडत व्हते. खाटेवरनं घंटीचं टिंग झालं. मी न बघताच म्हणलं, "बोला सायेब." तोंडाच्या एका बाजूनं, जडपणानं ते म्हणले, "मालकीणबाई, आता ती डबा उघडंल." मी म्हणलं, "उघडू द्या की. आपल्याला थोडीच द्यायचीय." ते हसले. हसल्याचा आवाज मी ऐकला, एवढं नक्की. जुडी निवडून झाली आन मी वर बघितलं, तर डोळे टीव्हीकडंच व्हते. पण बघत नव्हते.

सून धावत आली, रडायला लागली. म्हणली, "आई, शेवट बघायचा राहिला हो बाबांचा." मी म्हणलं, "अगं, त्यांना पाठ हाय शेवट. कितींदा बघितलाय." मी उठले, टीव्ही बंद केला, त्यांचे डोळे मिटवले. मेथी तशीच पडली व्हती, ती उचलून आत ठेवली.

मी रडले नाय म्हणून लोक बोलले. भेटायला आलेली एक बाई तर माझ्यासमोरच दुसरीला म्हणली, "धक्का बसलाय म्हातारीला." धक्का कसला... दोन वर्षं अर्धं अंग गेलेलं, पाठीला जखमा, कूस बदलताना माणूस दात आवळून धरायचा, आन वर मलाच विचारायचा, "तुमची कंबर दुखली का?" ते सुटले. त्यांचं सगळं करून मी मागं राहिले, माझ्या माघारी त्यांना दुसऱ्याच्या हातात जायची पाळी आली नाय, म्हणून मीबी सुटले. ह्यात रडायचं काय ते मला अजून उमगलं नाय.

हे सगळं माझी नात सोनल लिहून घेतीय. मी दुसरी शिकलेली. ती म्हणली, "आजी, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या माणसांबद्दल लिहितात, तू आजोबांबद्दल सांग." मंग विचारलं, "नीट मराठीत करू का?" मी म्हणलं, माझ्या तोंडून येतंय तसंच राहू दे. दुसऱ्या कुणाची बोली घातली तर वाचणारा परत आमचा घोटाळा करंल. एकदा झालाय तेवढा बास.

तो घोटाळाच सांगायचाय.

माझं माहेर म्हणजे नाशकाबाहेरचा एक गुलाबाचा मळा. मळा आमचा नव्हे. माझे वडील तिथं सालदार व्हते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल संपायचं आन त्याच दिवशी मालकानं ठेवलं तर नवं लागायचं. नाय ठेवलं तर बिऱ्हाड डोक्यावर. आई मी लहान असतानाच गेली. दादा, म्हणजे माझे वडील, आन मी, गोठ्याशेजारच्या खोलीत ऱ्हायचो. दिवस उजाडायच्या आत गुलाब तोडायचा, शेण काढायचं, बंगल्यावर भांडी घासायची. मालकाला सगळे आबा म्हणायचे, मालकिणीला माई. माणसं वाईट नव्हती. त्यांची एकुलती एक लेक, ताई, पुण्याला शिकायला व्हती. ती दिवाळीला आली की तिच्या नेसून झालेल्या साड्या माई मला द्यायच्या. ही तिथली रीतच. बंगल्यातलं जुनं ते गड्यांच्या घरात नवं. घरात मी फाटकं लुगडंच नेसायचे, पण बाजाराच्या दिवशी ताईची साडी. निळ्या काठाची एक पांढरी व्हती. ती नेसली की मी मलाच वळखायची नाय.

आठवड्यातनं दोनदा देवळाली कॅम्पला फुलं जायची. तिथं मिल्ट्रीच्या मेसला भाजीपाला, फळं, फुलं पुरवणारे एक ठेकेदार शेट व्हते. बाजारात त्यांचं हापिस. आबांची जीप घेऊन रशीदभाई जायचे आन टोपल्या उतरवायला मला न्यायचे. मागं टोपल्याच टोपल्या. मी मागं चढायला गेले की रशीदभाई ओरडायचे, "अरे, फुलं चेंगरशील! पुढं बस गं, पुढं!" तर मी पुढं बसायचे. मालकाच्या जीपमदी, डायवरच्या शेजारी, ताईची साडी नेसून. फुलं चेंगरू नयेत म्हणून. बघणाऱ्याला ते कसं दिसत असंल ह्याचा विचार माझ्या डोक्यात कदी आला नाय.

पयल्यांदा गेले तवा ऊन डोक्यावर व्हतं. रशीदभाई म्हणले, "मी बंगल्यांची फुलं टाकून येतो, तू हापिसात टोपल्यांजवळ बस." मी दारात उभी राहिले. आत एकच माणूस. टेबलामागं खुर्चीत बसलेला, कानाला फोन. अंगात कडक इस्त्रीचा टेरीलीनचा शर्ट, खिशाला पेन, पायात काळे बूट. फोनमदी म्हणत व्हता, "हालो... हां... शेट जेवायला गेलेत. मी बघतो, मी सांगतो." मी मनात म्हणलं, हा इथला मोठा सायेब. फोन ठेवला, मला बघितलं, आन तो माणूस खुर्चीतनं उठला. म्हणला, "उभ्या का? बसा ना."

मला त्या दिवसापर्यंत कुणी 'बसा' म्हणलं नव्हतं. मी बाकाच्या टोकाला बसले, पाय साडीत वढून घेतले. टाचांच्या भेगा दिसू नयेत म्हणून. मंग त्यानं स्वतःच्या हातानं माठातलं पाणी काढलं, पेला पुसला आन माझ्यापुढं धरला. मला वाटलं, एवढा मोठा सायेब आन हातानं पाणी देतो... केवढं मोठं मन असंल! आता काय सांगू, सोनल लिहिता लिहिता हसतीय. पाणी देणं हीच त्यांची नोकरी व्हती.

ते तिथं शिपाई व्हते. शेट आन कारकून दुपारी जेवायला घरी गेले की फोन उचलायला ह्यांना खुर्चीत बसवायचे. आन आमची जीप नेमकी त्याच वेळेला पोचायची. मी त्यांना शेटपुढं उभं असं कदी बघितलंच नाय. शर्ट शेटचा जुना, बूट शेटचे जुने, मोठे व्हायचे म्हणून आत कागद कोंबलेला. खिशाला पेन, तेबी शेटचंच. त्यात शाई भरायची सोय नव्हती, निब मोडलेली. पण मला ते कसं कळणार? जशी मी ताईच्या साडीत, तसे ते शेटच्या शर्टात.

त्यांचाबी तसाच घोटाळा. हापिसात देवाचा फोटो व्हता, त्याच्यावरचा हार वाळून गेलेला. मला बघवंना. टोपलीतनं वंजळभर गुलाब काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हणलं, "देवाला घाला." मान मोडलेले गुलाब व्हते, ते मेसला चालत नाय, परत जाताना रस्त्यात टाकायचेच. पण ते काय समजले, तर मालकाची लेक असल्याबिगर वंजळभर गुलाब असे न विचारता कोण देतंय? जीपमदनं पुढनं उतरलेली, अंगावर साडी अशी, हात असा सढळ... झालं, त्यांनी मनात मला बंगल्यात नेऊन बसवलं.

कुणीबी खोटं बोललं नाय. ते विचारायचे, "मळ्यात माणसं किती कामाला?" मी म्हणायचे, "वीसएक असतील." मी विचारायचे, "हापिसात लय काम असतं का?" ते म्हणायचे, "सकाळपासनं पायाला दम नाय." खरंच सांगायचे. मला वाटायचं, सायबाला एवढं काम, जिवाला जपत नसतील. मी दर वेळी एक चांगला गुलाब बाजूला ठेवायला लागले. ते तो पेल्यात पाणी घालून टेबलावर ठेवायचे. पुढच्या वेळी गेलं तर वाळलेला तो तसाच पेल्यात.

असा उन्हाळा आला. आबांनी दादांना बोलावून सांगितलं, "यमुनेचं उरकून टाकू. नांदगावला माझ्या साडूच्या मळ्यावर सालदार हाय, बायको मेलीय, तीन पोरं हायत. आखाजीला हळद लावू." आबांना वाटलं, आपण पोरीचं भलं करतोय. दादा 'बरं' म्हणून आले. साल संपायला आलेलं, 'नाय' म्हणायची सोय कुठं व्हती? माझ्याशी काय बोलले नाय. जेवताना एवढंच म्हणले, "माणूस दारू पीत नाय म्हणं." त्यांच्या ताटातली भाकर तशीच राहिली. त्यांना ती मोडवंना, मला माझी खाववंना.

पुढच्या खेपेला कॅम्पात गेले. त्यांनी 'बसा' म्हणलं, मी बसले नाय. म्हणलं, "आखाजीला मला नांदगावला द्यायचं ठरलंय." त्यांनी खिशातलं पेन काढलं, परत लावलं. मी खाली बघून म्हणलं, "तुम्हाला काय बोलायचं असंल, तर रविवारी मळ्यावर या. नाय आलात तरी चालंल. तुम्ही सायेब माणूस." तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचललाच नाय. तो वाजत राहिला आन मी बाहेर येऊन जीपमदी बसले.

रशीदभाईंनी विचारलं, "तोंड का उतरलंय?" मी म्हणलं, "काय नाय. डोळ्यात धूळ गेली." ते म्हणले, "पुढच्या काचेतनं धूळ येत नाय गं." पण जास्त विचारलं नाय.

ते रविवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते मी आजवर कुणाला सांगितलं नाय. एकच गोष्ट मनात घोळायची. हे आले तर माझं खरं रूप बघतील आन मागल्या पावली जातील. नाय आले तर नांदगाव. दोन्हीकडनं माझंच जाणार. तरी देवाजवळ मी म्हणले, येऊ दे. बघून जाऊ दे, पण येऊ दे.

रविवारी मी गोठ्यात शेण काढत व्हते. फाटकं लुगडं, हात कोपरापर्यंत भरलेले. बंगल्याच्या ओट्यावर आवाज आले. फटीतनं बघितलं तर हेच! तोच टेरीलीनचा शर्ट, तेच बूट. आबांनी कुणी मोठा माणूस समजून त्यांना खुर्ची दिली व्हती, माईंनी कपबशीत चहा आणला व्हता. ह्यांनी चहाला हात लावला नाय. उठून उभे राहिले आन हात जोडून म्हणले, "मालक, मी तुमच्या मुलीबद्दल बोलायला आलोय."

आबांनी बशी खाली ठेवली. "माझ्या मुलीबद्दल?"

"हां. तिच्यावर रागावू नका. तिची काय चूक नाय. तिला वाटतंय मी हापिसात सायेब हाय. मी सायेब नाय. मी शिपाई हाय, पाणी देतो, टेबलं पुसतो. शेट जेवायला गेले की खुर्चीत बसतो तेवढंच. मी मागणी घालायला आलो नाय. तुमच्या दारात तेवढी लायकी नाय माझी. पण फसवून तिच्या मनात राहू नये म्हणून सांगायला आलो. तिचं नांदगावला ठरलंय, ते चांगलं घर असंल. तिनं माझ्यापायी ते मोडू नये."

आबा लालबुंद झाले. गोठ्यात माझ्या मनात आलं, आता हे मार खाणार, आन दादांचं साल मोडणार, दोन्ही माझ्यापायी. आबा गरजले, "अरे, कोणाची मुलगी? माझी मुलगी पुण्यात हाय! नांदगाव कुठलं काढलं?"

हे गडबडले. म्हणले, "तीच की हो... जीपमदी पुढं बसून येतात. पांढरी साडी, निळ्या काठाची..."

माईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती ताईची साडी!" आबा उठून उभेच राहिले. मला वाटलं, संपलं आता. आन मंग माईच परत म्हणल्या, "थांबा, थांबा. ती साडी मी दिवाळीलाच यमुनेला दिली."  मंग माईंनी गोठ्याकडं तोंड करून हाक मारली, "यमुनेऽऽ! हितं ये बरं!"

जावं लागलं. हात धुवायलाबी सवड मिळाली नाय. मी हात पाठीमागं घेऊन ओट्याखाली जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. लुगड्याकडं, पायांकडं... आन मंग त्यांच्या तोंडावर जे काय आलं, ते मी मरेपर्यंत विसरायची नाय. मला वाटलं व्हतं, माणसाचं तोंड पडंल. त्यांचा चेहरा असा झाला, जसा डोक्यावरनं भारा उतरवल्यावर माणसाचा होतो. म्हणले, "तुम्ही... मळ्यात कामाला?"

मी म्हणलं, "सालदाराची पोर हाय. तुम्ही शिपाई?"

"शिपाई."

"मंग शर्ट?"

"शेटचा. आन साडी?"

"ताईंची."

आबा आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत व्हते. आन एकाएकी हसायला लागले. असे हसले की खुर्चीत बसले, डोळ्यातनं पाणी काढलं. "अरे, म्हणजे तू माझ्या पोरीला नाकारायला एवढ्या उन्हाचा आलास व्हय?" माईबी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तेवढ्यात रशीदभाई आले. त्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणले, "मला तर पयल्यापासनं माहीत. हा नामदेव प्यून हाय, ही यमुना हाय. पोरगी त्याला सायेब सायेब म्हणायची, मला वाटलं थट्टा करती. कॅम्पात त्याला सगळेच थट्टेनं सायेब म्हणतात." आबा ओरडले, "मंग बोलला का नाहीस?" रशीदभाई म्हणले, "मला विचारलं कुणी?"

पण हसून सगळं सुटणार नव्हतं. नांदगावला शब्द गेला व्हता, आन तो आबांचा व्हता. ह्यांनी बूट काढले, हातात घेतले आन ओट्यावरनं खाली उतरले. आमच्या खोलीपुढं जाऊन दादांसमोर जमिनीवर बसले. दादांना म्हणले, "मामा, माझ्याकडं काय नाय. कॅम्पात पत्र्याची एक खोली हाय. पण ही माझ्या घरी आली तर तिला कुणाच्या बंगल्यावरनं जुन्या साड्या घ्यायला लागणार नाय. मी घेईन ती नेसंल." दादांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, पाव्हणेरावळे विचारले. सोयरीक बसत व्हती. दादा माझ्याकडं बघून म्हणले, "मला भ्या व्हतं, सायेबबियेब असंल. त्याला काय खायला घातलं असतं आपण?" आन मंग त्यांनी ओट्याकडं मान वळवली. आबा तिथनं बघत व्हते. बोलणारे आता तेच.

आबा मंग म्हणले, "माझी मुलगी समजून आला आन खरं सांगून गेला. असल्याला पोरगी द्यायची नाय तर कुणाला? साडूला मी सांगतो, तुमचा माणूस चांगला हाय, पण आमची पोरगी हापिसात दिली." दादांचं सालबी राहिलं. त्या दिवशी आम्ही परत चहा केला, आमच्या खोलीत, पितळीतनं. तो त्यांनी पिला.

आखाजीलाच हळद लागली. तीच तिथी, नवरा दुसरा.

लग्नानंतर पयल्यांदा डबा घेऊन सकाळची हापिसात गेले, तवा मी त्यांना शेटपुढं उभं बघितलं. शेट खुर्चीत, टेबलावर एक पितळी घंटी. वरनं टिचकी मारली की टिंग. टिंग झालं की हे पळत जायचे. मी दारात उभी असताना डबा उघडला, पयला घास हातात, टिंग... घास ठेवून गेले. आले, बसले, परत टिंग. मी काय बोलले नाय. घरी आल्यावर म्हणलं, "सायेब, हात धुवा, जेवा सावकाश. हितं घंटी नाय." त्या दिवसापासनं मी त्यांना सायेब म्हणायला लागले, आन ते मला मालकीणबाई. थट्टा म्हणून सुरू झालं ते शेवटपर्यंत राहिलं. झोपेतबी लांबनं सायकलची घंटी वाजली तरी दचकून उठून बसायचे. मी म्हणायचे, "कुणी बोलावलं नाय, निजा."

नंतरचं सगळं सांगत बसत नाय. एक पोरगी झाली ती तापात गेली. दवाखान्यातनं आणताना हे तिला खांद्यावर घेऊन पायी आले, बसमदी बसले नाय, लोक विचारतील म्हणून. मंग मुलगा झाला. शेटचा ठेका गेला, हापिस बंद पडलं. शेट म्हणले, "नामदेव, पगार द्यायला जमत नाय, सामानातलं काय पाहिजे ते ने." टेबल व्हतं, खुर्ची व्हती, पंखा व्हता. हे घंटी घेऊन आले. मी कपाळ बडवलं. म्हणलं, "ही शिजवून खायची का?" तर म्हणले, "हिनं मला जलमभर उठवलं. आता ही गप बसंल, आन मी बघत बसंन."

मंग नाशकात इंदिरानगरला एका बिल्डिंगीची राखण मिळाली. जिन्याखालची खोली. मी वरच्या घरांची भांडी घासायची, संध्याकाळी नाक्यावर गजरे विकायची. वरची एक बाई एकदा टोचून म्हणली, "एकमेकांना सायेब आन मालकीण म्हणता, आन राहता जिन्याखाली." ह्यांनी हसून उत्तर दिलं, "ताई, जिन्याखाली असलो तरी वर जाणारा प्रत्येक माणूस आम्हाला विचारून जातो." बाई पुढं दिवाळीचा फराळ आधी आमच्याकडं पाठवायची. जुन्या साड्याबी द्यायला आली व्हती. मी हात जोडले. म्हणलं, "नको ताई, आमच्या सायबांनी सांगितलंय." लग्नात दिलेला शब्द त्यांनी पाळला. कदी वर्षात एकच साडी झाली, तीबी सुती, पण दुकानातली. घडी मोडायला माझ्या हातात यायची. तिचा कोरा वास यायचा...

मुलगा वायरमन झाला, दोन खोल्या झाल्या, टीव्ही आला. आन टीव्हीवर तो सिनेमा लागला. पयल्यांदा बघताना हे उठूनच उभे राहिले. "मालकीणबाई, बघा! आपलंच चोरलंय!" शेवटी त्यात पोरगा बंगल्यात राहणारा निघतो, सगळे गाडीत बसून जातात. मी म्हणलं, "आपलं कुठं असं झालं? त्यात गरीब वाटलेला श्रीमंत निघाला. आपले तर दोन्ही श्रीमंत गरीब निघाले." ते लय वेळ हसले. म्हणले, "त्या पोरीला आता बंगल्यात कसं वागायचं ते शिकावं लागंल. तुम्हाला काय शिकावं लागलं का?" खरंच, मला काय शिकावं लागलं नाय. सोंग घ्यावं लागलं नाय एक दिवस. त्या गोठ्यापुढं शेणाचे हात बघून झाले, मंग लपवायला राहिलंच काय...

अंग गेलं तवा जीभबी जड झाली. हाक मारता येईना. मीच ती घंटी काढली, चिंचेनं घासली आन त्यांच्या चांगल्या हाताशी ठेवली. पयल्या दिवशी हात लावंनात. त्या हाताला वाजवायची सवय नव्हती ना, ऐकायचीच व्हती. मी म्हणलं, "वाजवा. बघू तरी सायेब कसा वाजवतो." त्यांनी बोट टेकवलं. टिंग. मी चुलीपासनं पळत आले, उभी राहिले, म्हणलं, "बोला सायेब." त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मंग सवय झाली. कदी पाणी, कदी कूस. कदी नुसतंच. मी यायचे, म्हणायचे, "काय पाहिजे?" ते म्हणायचे, "काय नाय. येता का ते बघितलं." मी रागवायचे. खोटं खोटं.

आता महिना होऊन गेला. खाट काढली. सोनलनं विचारलं, "आजी, घंटी माळ्यावर ठेवू का?" मी म्हणलं, राहू दे. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलीय. शेजारी पेल्यात एक गुलाब, नाक्यावरनं आणते. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात जातो तिच्याकडं, टिचकी मारावी वाटती. मी कुणाला मारू देत नाय. दुपारी, शेट जेवायला जायचे त्या वेळेला, मी फडकं घेऊन ती पुसते. पुसताना डावा तळहात वरनं घट्ट धरते. चुकूनबी वाजू नये. जलमभर ते त्या आवाजानं उठले... आता लागलीय झोप सायबांना. लागू दे.